भेगेवर तारीख घाला: जुन्या इमारती, पूल आणि धरणं यांची निगराणी व दुरुस्ती

सळई_सिमेंट (धागाकर्ता)

मुंबई-ठाणे पट्ट्यातल्या जुन्या आरसीसी (म्हणजे आत लोखंडी सळई घातलेल्या काँक्रीटच्या) बांधकामांची तपासणी आणि दुरुस्ती हे माझं रोजचं काम. पावसाळा ओसरला की सोसायट्यांचे फोन सुरू होतात. जिन्यातल्या स्लॅबचा पापुद्रा पडलेला असतो, पालिकेची नोटीस आलेली असते आणि "ऑडिट करून द्या" एवढीच, म्हणजे मजबुतीच्या तपासणीच्या अहवालाची, मागणी असते. ऑडिट करून द्यायला हरकत नाही, पण त्या कागदाकडून लोकांची जी अपेक्षा असते ती चुकीची आहे, म्हणून हा धागा काढतोय.

१४ मार्च २०१९ ला सीएसएमटीजवळचा हिमालय पादचारी पूल कोसळला. आधीच्या ऑडिटमध्ये तो वापरण्यायोग्य ठरला होता, फक्त किरकोळ दुरुस्ती सुचवलेली होती. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात गेला, दोन एसटी बस आणि इतर गाड्या प्रवाशांसकट वाहून गेल्या. त्या पुलाचीही त्याच वर्षी पावसाळ्याआधी पाहणी झाली होती. एकदा पाहून गेलं की त्या दिवसापुरतं कळतं. बांधकाम कुठल्या दिशेने आणि किती वेगाने खालावतंय हे कळायला त्याच जागी, त्याच पद्धतीने, पुन्हा पुन्हा मोजावं लागतं. आपल्याकडे नेमकं तेच होत नाही.

आरसीसी कसं म्हातारं होतं ते थोडक्यात सांगतो. ताजं काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असतं, पीएच साडेबारा-तेरापर्यंत. त्यात सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो आणि तो टिकून आहे तोवर सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत जातो, पीएच नऊच्या खाली येतो आणि तो थर संपतो. यालाच कार्बोनेशन म्हणतात. खाडीकाठी आणि समुद्राजवळ खाऱ्या हवेतले क्लोराइड हेच काम आणखी लवकर करतात. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट होतं, त्यामुळे तो आतून काँक्रीटला ढकलतो. सळईच्या रेषेत सरळ भेग दिसते, मग गिलावा हातोडीखाली पोकळ वाजायला लागतो आणि मग तुकडा पडतो. तुकडा पडला तेव्हा दुखणं सुरू झालं असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात तोवर बरीच वर्षं गेलेली असतात.

तपासणीत मला सगळ्यात जास्त सांगून जाते ती फिनॉल्फ्थॅलिनची चाचणी. कोअर, म्हणजे यंत्राने कापलेला काँक्रीटचा नळकांडी नमुना, काढल्यावर ताज्या कापावर ते रसायन फवारायचं. जिथे गडद गुलाबी रंग चढतो तिथे काँक्रीट अजून अल्कधर्मी आहे, जिथे राखाडी ते राखाडीच राहतं तिथे कार्बोनेशन पोचलंय. मग पट्टी लावून पाहायचं, बिनरंगाचा थर किती मिलिमीटर आणि सळईवरचं कव्हर, म्हणजे तिच्यावरच्या काँक्रीटची जाडी, किती. थर १५ आणि कव्हर २५ असेल तर हाताशी वेळ आहे. थर ३० आणि कव्हर २० असेल तर सळई आधीच उघडी पडल्यात जमा. सोबत हाफ-सेलची चाचणी हवी, म्हणजे सळईचा विद्युत दाब मोजून गंजाचा अंदाज घेणारी. तांबं-तांबंसल्फेटच्या इलेक्ट्रोडने उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली आकडे आले तर त्या जागी गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात.

नुसत्या रिबाउंड हॅमरवर (पृष्ठभागावर ठोकून उसळी मोजणारं यंत्र) उरकलेलं ऑडिट मात्र स्वीकारू नका. कार्बोनेशन झालेला पृष्ठभाग कडक होतो, त्यामुळे हॅमर प्रत्यक्षापेक्षा चांगला आकडा दाखवतो. म्हणजे जिथे धोका जास्त, तिथेच अहवाल छान येतो.

आणि भेगांबद्दल. भेग दिसली की तिची दोन्ही टोकं पेन्सिलीच्या आडव्या रेघेने बंद करा, शेजारी तारीख घाला, मधल्या ठरलेल्या जागी रुंदी मोजा आणि मोबाइलमध्ये पट्टीसकट फोटो ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा. शक्यतो सकाळच्या त्याच वेळी, कारण उन्हाने भेगा दिवसभरात उघडतात-मिटतात. रेघेच्या पुढे भेग गेली असेल तर ती जिवंत आहे. वर्षभर जागची हलली नसेल तर ती बहुतेक जुनी आकुंचनाची. याला खर्च जवळपास शून्य, आणि इंजिनिअरला अशी वही हातात मिळाली तर त्याचं निदान कितीतरी नेमकं होतं.

आपापले अनुभव लिहा. पूल आणि धरणांवर काम केलेले लोक इथे आहेत, त्यांनीही लिहावं.

मुलुंडचा_सचिव

नमस्कार सर, अगदी वेळेवर धागा आला. आमची इमारत १९८४ ची, तळमजला अधिक चार. दोन ऑडिट झाली. एक म्हणतं सी-२बी, म्हणजे कुणालाही न हलवता दुरुस्ती होईल. दुसरं म्हणतं सी-१, म्हणजे रिकामी करून पाडा. निम्मे सभासद दुरुस्तीच्या बाजूने, निम्मे पुनर्विकासाच्या, आणि सभेत आता एकमेकांशी बोलणंही अवघड झालंय.

दुसरा प्रश्न. काही वर्षांपूर्वी आम्ही मोठी दुरुस्ती केली होती. गंजलेल्या जागा फोडल्या, सळईला रसायन लावलं, पॉलिमर मॉर्टारने भरलं, वर रंग दिला. आता भरलेली जागा शाबूत आहे, पण तिच्या चारी बाजूंनी नव्या भेगा आल्यात. कंत्राटदार म्हणतो आमचं काम पक्कं आहे, जुनं काँक्रीट खराब आहे. खरं काय?

सळई_सिमेंट

कंत्राटदार म्हणतो ते अर्धंच खरं. सळई गंजते तेव्हा तिचा एक भाग अॅनोड असतो, तो झिजतो. शेजारचा भाग कॅथोड असतो आणि अॅनोड झिजतोय तोवर वाचलेला असतो. तुम्ही गंजलेली जागा साफ करून तिथे ताजा अल्कधर्मी मॉर्टार भरलात, ती जागा सुरक्षित झाली. पण शेजारच्या जुन्या काँक्रीटमध्ये क्लोराइड आधीपासून होतेच, फक्त त्या सळईला आजवर संरक्षण मिळत होतं. ते गेलं आणि आता तीच अॅनोड झाली. म्हणून भेगा चौकटीसारख्या ठिगळाच्या कडेने येतात. मुंबईत निम्म्याहून जास्त फसलेल्या दुरुस्त्यांत मला हेच दिसतं.

उपाय आहेत. फोडताना सळईच्या पुढच्या अंगाशी थांबायचं नाही, तिच्या मागेही बोट जाईल इतकं, वीस-पंचवीस मिलिमीटर मोकळं करायचं आणि दोन्ही बाजूंना स्वच्छ सळई लागेपर्यंत पुढे जायचं. ठिगळाच्या कडांना जस्ताचे त्यागी अॅनोड सळईला बांधायचे, म्हणजे सळईऐवजी जस्त झिजतं. ते काही वर्षांनी संपतात, तेव्हा त्यांच्या जागा नकाशावर नोंदवून ठेवा. आणि या सगळ्याच्या आधी पाणी बंद करायचं. नहाणीघराचा ट्रॅप गळतोय, गच्चीचा कोबा फुटलाय, सांडपाण्याच्या पाइपमागे पिंपळ उगवलाय, आणि आपण बीमला महागडं रसायन लावतोय, याचा काहीही उपयोग नाही.

गच्चीचा विषय निघालाच आहे तर: गळती थांबत नाही म्हणून जुन्या ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांच्या) कोब्यावर दुसरा कोबा चढवलेला मी सर्रास पाहतो. प्रत्येक थराचं वजन आधीच कमकुवत झालेल्या स्लॅबवर येतं. आधीचा थर काढा, स्लॅब तपासा, मग नवा घाला.

दोन अहवालांबद्दल: अशी परस्परविरोधी ऑडिट असली की प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे नेता येतं, ते करा. पण त्याआधी दोन्ही सल्लागारांकडून निष्कर्षाऐवजी कच्चे आकडे मागा. कोअर कुठल्या कॉलममधून काढले, किती काढले, ताकद किती आली, क्लोराइड किती खोलीवर किती, हाफ-सेलचा नकाशा कुठे आहे. ज्याच्याकडे हे नाही त्याच्या सी-१ लाही अर्थ नाही आणि सी-२बी लाही नाही.

मांडवीकाठी

पणजीहून लिहितोय. क्लोराइडचं नाव निघालं की आमच्या पिढीला ५ जुलै १९८६ आठवतो. त्या दिवशी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. बांधून वीस वर्षंही झाली नव्हती. पूर्वताणित काँक्रीटचा पूल, म्हणजे आतल्या ताणलेल्या केबलवर सगळा भार. खाऱ्या हवेत केबलच गंजल्या. साध्या सळईला गंज चढला की पोपडे पडतात, भेगा येतात, काहीतरी दिसतं. आतल्या ताणलेल्या तारा बाहेर काही दिसू न देताही तुटू शकतात. पूल गेला आणि पणजीहून उत्तर गोव्याकडे जायला फेरीबोटींवरच भिस्त उरली. पावसाळ्यातल्या त्या फेरीच्या रांगा ज्यांनी पाहिल्या, त्यांना पूल म्हणजे काय हे कुणी समजावून सांगायला नको.

पुढे झुआरीच्या जुन्या पुलाचीही काळजी लागली. अवजड वाहनांना बंदी घातली गेली, दुरुस्त्या होत राहिल्या आणि नव्या पुलाचा पहिला भाग डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. इतकी वर्षं वजन कमी करून, लक्ष ठेवून तो पूल चालवला. माझ्या मते हीसुद्धा दुरुस्तीच. भार कमी करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि लोकांना तोच सगळ्यात जास्त नकोसा असतो.

निवृत्त_उपअभियंता

सळई_सिमेंट साहेब, चांगला विषय. माझी नोकरी कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर गेली, म्हणून पुलांचं सांगतो.

पुलाची पाहणी पुलावरून होत नाही. मे महिन्यात पाणी उतरलं की खाली उतरायचं, नदीच्या पात्रातून प्रत्येक खांबाच्या पायथ्याशी जायचं. पुरात खांबाभोवती पाणी घुमतं आणि पायाखालची रेती-गोटे उपसून नेतं. पूर ओसरताना तो खड्डा पुन्हा गाळाने भरतो, त्यामुळे वरून सगळं ठाकठीक दिसतं, पण तो गाळ भार घेत नाही. म्हणून मे महिन्यातली एक आणि मोठ्या पुरानंतर लगेच एक, अशा दोन पाहण्या हव्यातच. पुलाच्या कठड्यापासून नदीच्या तळापर्यंत दोर-वजन सोडून खोली घ्यायची आणि मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहायची. आता सोनार वगैरे आहे, पण दोर-वजनानेसुद्धा पुष्कळ कळतं, जर मागच्या वर्षीचा आकडा कुणी लिहून ठेवला असेल तर.

दगडी कमानींचे पूल अजूनही शेकड्याने वापरात आहेत आणि त्यातले बरेचसे उत्तम अवस्थेत आहेत. त्यांना मारतं ते झाड आणि चुकीचं सिमेंट. सांध्यात वड-पिंपळ रुजला की मुळं दगड उकलतात. नुसतं वरून तोडून चालत नाही, मूळ मारावं लागतं. आणि चुन्याच्या जुन्या सांध्यांवर घट्ट सिमेंटचं पॉइंटिंग केलं की आतलं पाणी आतच कोंडतं, चुना धुपतो आणि दर्शनी भाग फुगतो. चुन्याच्या कामाला चुनाच लागतो. चुना मळणारे गवंडी आता कमी राहिलेत, हे खरं दुखणं आहे. किल्ले आणि मंदिरांच्या संवर्धनात जे हात तयार झालेत त्यांना पुलांच्या कामावर आणायला हवं.

आरसीसी पुलावर मी आधी पाणी कुठे जातं ते बघायचो. पाण्याचे पाइप तुंबलेले असले की पाणी एक्स्पान्शन जॉइंटमधून (पुलाच्या दोन भागांमधली फट) थेट बेअरिंगवर (गर्डर ज्यावर टेकतो तो सरकता आधार) आणि गर्डरच्या, म्हणजे पुलाच्या मुख्य तुळईच्या, टोकावर पडतं. बेअरिंग जाम झालं की उन्हाने लांबणारा गर्डर खांबाचा माथा फोडतो. दर डांबरीकरणात जुना थर न काढता वर नवा थर टाकणं हेही तसंच. कठड्याची उंची कमी कमी होत गेलेली दिसली की समजायचं, पुलाच्या डोक्यावर किती डांबर चढलंय.

आणि धोक्याचा फलक लावणं म्हणजे पूल बंद करणं नव्हे. १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल रविवारच्या गर्दीत कोसळला, चार जीव गेले. तो धोकादायक आहे हे माहीत होतं. धोकादायक ठरवलेल्या पुलाची दोन्ही तोंडं बांधूनच टाकायला हवीत, किंवा पर्यायी वाट तरी द्यायला हवी. गावकऱ्याला शेतावर जायला दुसरी वाटच नसेल तर तो फलक वाचूनही जाणारच.

एल्बेकाठचा_मराठी

मी ड्रेस्डेनला असतो. ११ सप्टेंबर २०२४ च्या पहाटे तीनच्या सुमारास इथल्या कारोला पुलाचा ट्राम जाणारा भाग नदीत कोसळला. शेवटची ट्राम काही मिनिटांपूर्वीच गेली होती, म्हणून कुणाला इजा झाली नाही. पूल १९७१ चा, पूर्वताणित. नियमित तपासण्या होत होत्या, पुलाच्या शेजारच्या दोन भागांची दुरुस्ती झाली होती आणि या तिसऱ्या भागाचं काम २०२५ मध्ये व्हायचं होतं. तपासात निघालं की ताणाच्या पोलादात हायड्रोजनमुळे होणारं भंगुर तडकणं बांधकामाच्या काळातल्या ओलाव्यापासूनच सुरू झालं होतं. मांडवीकाठी यांनी लिहिलंय तेच, बाहेर काही दिसत नाही.

त्यानंतर उरलेल्या भागांवर ध्वनी टिपणारे संवेदक बसवले. आतली तार तुटते तेव्हा काँक्रीटमधून एक ठराविक धक्का जातो, तो संवेदकांना ऐकू येतो. तसे आवाज नोंदले गेले, नदीतली जहाजांची वाहतूक थांबवली गेली आणि ते भागही पाडावे लागले. जर्मनीत त्या काळातल्या अशाच पोलादाचे इतरही पूल आता नव्याने तपासले जातायत. आपल्याकडचे साठ-सत्तरच्या दशकातले पूर्वताणित पूल या नजरेने पाहिले गेलेत का?

निवृत्त_उपअभियंता

काही मोठ्या पुलांवर संवेदक बसलेत. पण संवेदक बसवण्याचं टेंडर निघतं, त्याचे आकडे रोज बघणाऱ्या माणसाचं पद निघत नाही. किती सरकलं की वाहतूक बंद करायची आणि तो निर्णय रात्री दोन वाजता कोण घेणार, हे आधी लिहून ठेवलेलं नसेल तर यंत्राचा उपयोग अपघातानंतरच्या अहवालापुरता.

कोयनेचं_पाणी

धरणांबाबत ही शिस्त त्यातल्या त्यात बरी आहे, म्हणून लिहितो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपात १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाच्या उंच भागांना आडव्या भेगा गेल्या. त्या गेल्या कुठे, तर खालच्या अंगाचा उतार जिथे एकदम बदलतो त्याच पातळीवर. ताण कुठे एकवटतो ते भूकंपानेच दाखवून दिलं. मग त्या भागांना मागून काँक्रीटचे भक्कम आधार देऊन जाड केलं. सांडव्याच्या भागाचं मजबुतीकरण नंतर, २००४ ते २००६ मध्ये झालं. धरण आजही काम करतंय. पाडलं असतं तर काय झालं असतं याचा विचारही करवत नाही.

धरणात पाझर असतोच, तो असणं हा दोष नाही. धरणाच्या पोटातल्या गॅलरीत (बोगद्यात) खाचेच्या पट्टीवरून किती पाणी वाहतंय ते नियमाने मोजतात आणि जलाशयाच्या पातळीशी ताडतात. पातळी तीच, पण पाझर वाढला, तर शोध घ्यायचा. मातीच्या धरणात तर पाण्याचा रंग बघायचा. स्वच्छ पाझर ठीक, गढूळ पाझर म्हणजे धरणाची माती वाहून चाललीय. चिपळूणजवळचं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं. तिथल्या गावकऱ्यांनी गळतीच्या तक्रारी आधीच केल्या होत्या. जे रोज धरणाखाली राहतात त्यांची तक्रार हीसुद्धा नोंदच आहे, तिला पाझराच्या आकड्याइतकंच वजन द्यायला हवं.

वास्तुविशारद_ठाणे

थोडा वेगळा सूर लावते. सगळं वाचवलंच पाहिजे असा या धाग्याचा कल होतोय. ऐंशीच्या दशकातल्या कितीतरी इमारती एम-१५, म्हणजे कमी ताकदीच्या, काँक्रीटमध्ये आहेत. आरसीसीला किमान एम-२० हवं हे २००० च्या आयएस ४५६ या भारतीय मानकात आलं. भूकंपात कॉलम-बीमच्या जोडांना लवचीकपणा देणारी सळईची मांडणी आयएस १३९२० मध्ये आली ती १९९३ ला. त्यात तळमजला पार्किंगसाठी मोकळा, लिफ्ट नाही, चौथ्या मजल्यावर ऐंशीच्या आजी. अशा ठिकाणी दुरुस्तीवर पैसे घालायला लावणं हा लोकांवर अन्याय आहे.

सळई_सिमेंट

ताई, तुमचा मुद्दा मान्य. मीही काही इमारती रिकाम्या करायला सांगितल्यात. माझ्या लेखी पाडण्याची कारणं अशी: कोअरची ताकद सगळीकडेच फार कमी, क्लोराइड कव्हरपुरते न राहता कॉलमच्या गाभ्यापर्यंत, किंवा पाया खचतोय आणि ते थांबवता येत नाही. अशा वेळी दुरुस्ती म्हणजे पैसे वाया आणि खोटा दिलासा. लिफ्ट नसणं किंवा घरं लहान असणं ही पुनर्विकासाची रास्त कारणं आहेत, पण ती त्याच नावाने सभेत मांडावीत. त्यासाठी धडधाकट इमारतीला सी-१ चा शिक्का मारून घेणं चुकीचं. त्याने भाडेकरू आणि विरोध करणारे सभासद रस्त्यावर येतात.

मोकळ्या तळमजल्यावर उपाय आहेत. कॉलमना जॅकेट, म्हणजे बाहेरून जादा वेष्टण, करता येतं, काही गाळ्यांत भिंती किंवा पोलादी तिरके आधार घालता येतात. भूकंपाच्या दृष्टीने जुन्या इमारती तपासायला आयएस १५९८८ आहे.

पर्यावरणाचा हिशेबही मांडायला हवा. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात साधारण आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे. उभ्या इमारतीचा सांगाडा वापरात ठेवला तर नव्या सांगाड्याचं सिमेंट आणि पोलाद वाचतं, डेब्रिज खाडीत जात नाही. पण पाच वर्षांत पुन्हा फुटणारी दुरुस्ती हिरवी ठरत नाही. टिकली तरच ती पर्यावरणपूरक.

मुलुंडचा_सचिव

सर, मंडळी, कार्यकारिणीत हा धागा वाचून दाखवला. समितीकडे अर्ज करायचं ठरलं, दोन्ही सल्लागारांना कच्चे आकडे मागणारी पत्रंही तयार आहेत. भेगांना तारखा घालायचं काम आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजच्या मुलांनी घेतलंय. आता पैशाचं आणि टेंडरचं सांगा. फंडात फार थोडं आहे.

सळई_सिमेंट

फंड कमी असण्याचं कारण बहुतेक सोसायट्यांत एकच. उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठीची राखीव गंगाजळी) ०.२५ टक्के. पण ती टक्केवारी १९८४ च्या बांधकाम खर्चावर धरली जाते. हे किमान आहे, सर्वसाधारण सभा जास्त ठरवू शकते. आजच्या दुरुस्तीच्या अंदाजाला दहा वर्षांनी भागून वर्गणी ठरवा आणि सभेत मंजूर करून घ्या. तीस वर्षांवरच्या इमारतीचं ऑडिट उपविधींप्रमाणे दर तीन वर्षांनी करायचं असतं, त्याचा खर्चही त्यातच धरा.

टेंडर काढताना एकरकमी दर घेऊ नका, प्रत्येक कामाचा वेगळा दर आणि प्रत्यक्ष मोजमापाने बिल. फोडल्याशिवाय खरं नुकसान कळत नाही, म्हणून प्रमाण वाढेल हे धरूनच चला. कॉलम फोडण्याआधी टेकू द्यायची अट लिहा, आणि ते टेकू वरच्या मजल्यापासून जमिनीपर्यंत सलग एका रेषेत हवेत. एकाच मजल्यावर टेकू लावून खालच्या स्लॅबवर भार सोडलेला मी पाहिलाय, तो प्रकार जीवघेणा आहे. शेजारशेजारचे दोन कॉलम एकाच वेळी फोडायचे नाहीत. सळईचा व्यास गंजाने किती घटला ते कॅलिपरने मोजून नोंदवायचं, बरंच घटलं असेल तर जोडसळई. सळई साफ झाल्यावर मॉर्टार भरण्याआधी तुमच्या सल्लागाराने पाहून सही केल्याशिवाय जागा झाकायची नाही. प्रत्येक उघड्या जागेचा फोटो, कॉलम क्रमांक आणि मजल्यासकट. हमीच्या मुदतीत वर्षातून एकदा त्याच जागी हाफ-सेल आणि हातोडीची तपासणी कंत्राटदाराच्या समोर व्हावी आणि शेवटचं बिल त्याच्याशी जोडलेलं असावं.

गच्ची आणि नहाणीघरांची गळती पहिल्या टप्प्यात घ्या, कॉलम-बीम दुसऱ्या, बाहेरचा रंग सगळ्यात शेवटी. पैसे कमी पडले तर रंग सोडून द्या. हाफ-सेलचा नकाशा हाती आला की इथे टाका, कुठून सुरुवात करायची ते त्यावरून पाहू.